पोटातली चौदा इंजेक्शनं

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कुत्रा चावला असं कुणी सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'चौदा'. गोंदियाच्या बाजारात, आमगावच्या बसस्टँडवर, देवरीच्या आठवडी बाजारात कुठेही विचारून बघा. 'अरे बापरे, पोटात चौदा इंजेक्शनं!' ही इंजेक्शनं बंद होऊन आता वीस वर्षं उलटली. ज्यांनी ती कधी पाहिलीही नाहीत अशी पोरंसोरंसुद्धा तोच आकडा सांगतात. रोगापेक्षा औषधाची धास्ती जास्त, असं उदाहरण दुसरं सहसा सापडायचं नाही.

मी ती चौदाच्या चौदा घेतलेली आहेत. साल १९७४. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला अजून पंचवीस वर्षं होती. धानाच्या बांधीतून शाळेत जाताना एका मरतुकड्या कुत्र्यानं पोटरीला धरलं. घरी आल्यावर आजीनं आधी लाल तिखट आणि चुना जखमेत भरला. मी किंचाळलो, तेव्हा ती म्हणाली, 'झोंबतंय ना, म्हणजे विष उतरतंय.' वडील शाळामास्तर. त्यांनी मला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि अकरा किलोमीटरवरच्या दवाखान्यात नेलं. मग चौदा दिवस हाच क्रम. बेंबीच्या आजूबाजूला रोज नवी जागा शोधायची. आठव्या दिवसानंतर पोटावर जागाच उरत नाही, सगळ्या गाठी झालेल्या असतात. कंपाउंडर बोटानं चाचपून मऊ जागा पाहायचा. त्या चाचपण्याचीच जास्त भीती वाटे.

ही चौदा इंजेक्शनं आली कुठून, याचा शोध घ्यावा असं मला फार उशिरा वाटलं. शोध घेत गेलो तेव्हा लक्षात आलं, की या रोगाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी अंतराचा इतिहास आहे. चावा आणि उपाय यांच्यामधलं अंतर.

रोग काही नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्या-कोल्ह्यांच्या विषाचं वर्णन आहे. अशा जनावराची लाळ गळते, ते आंधळ्यासारखं धावतं, आणि त्यानं चावलेला माणूस पुढे पाण्याला भिऊ लागला तर तो वाचत नाही, हे त्या ग्रंथकारानं नोंदवून ठेवलं आहे. निरीक्षण इतकं अचूक, की आजच्या डॉक्टरांनाही त्यात फारसा बदल करावा लागणार नाही. उपाय मात्र हाती नव्हता. जखम पिळून रक्त काढायचं आणि उकळत्या तुपानं भाजायची, एवढंच.

भाजण्याचा उपाय जगभर होता. फ्रान्समधल्या आर्बुआ या गावी १८३१ साली एका पिसाळलेल्या लांडग्यानं कितीतरी जणांना फाडलं. गावच्या लोहाराकडे नेऊन तापलेल्या लोखंडानं त्यांच्या जखमांना डाग दिले जात होते. ते पाहणाऱ्यांत चामडं कमावणाऱ्याचा एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याचं नाव लुई पाश्चर.

त्याच सुमाराला, म्हणजे १८३२ साली, इकडे मुंबईत कुत्र्यांवरून दंगल पेटली. वाचणाऱ्याला गंमत वाटते, पण प्रकरण गंभीर होतं. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीनं कंपनी सरकारनं वर्षातल्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची पद्धत आधीच पाडली होती. त्या वर्षी मुदत वाढवली, आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतंच. आठ आण्यांच्या लोभानं पोलिसांचे शिपाई पाळलेली कुत्रीही घरातून ओढून मारू लागले, अशी लोकांची तक्रार होती. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान. अंत्यविधीतसुद्धा प्रेताला कुत्र्याची नजर दाखवतात. ६ जून रोजी पारशी रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, गोऱ्या सैनिकांचं खाणंपिणं अडवलं गेलं, आणि अखेर लष्कर बोलवावं लागलं. मोकाट कुत्र्यांचं काय करायचं यावर आज शहराशहरांत आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जो वाद चालतो, त्याचं वय निदान एकशे नव्वद वर्षांचं आहे. मारून प्रश्न सुटत नाही, हे तेव्हाही कळायला हरकत नव्हती.

पुढं ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये पाश्चरच्या दारात एक बाई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाचं नाव जोसेफ माइस्टर. दोन दिवसांपूर्वी त्याला पिसाळलेल्या कुत्र्यानं अनेक ठिकाणी फाडलं होतं. पाश्चरनं रेबीज झालेल्या सशाचा मज्जारज्जू वाळवून रोगाची धार कमी करण्याची युक्ती शोधली होती, पण ती कुत्र्यांवरच केलेली. तो स्वतः डॉक्टरही नव्हता, रसायनशास्त्रज्ञ. सुई दुसऱ्या डॉक्टरनं टोचली. सुरुवातीला खूप वाळलेला, म्हणजे निरुपद्रवी अंश. मग रोज थोडा अधिक ताजा, अधिक जहाल. शेवटचा डोस तर असा होता, की एरवी तोच माणसाला मारायला पुरेसा ठरावा. दहा-अकरा दिवसांत तेरा सुया. पोरगा जगला. मोठेपणी तो पाश्चर संस्थेच्याच फाटकावर पहारेकरी झाला.

इथे एक मुद्दा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. चावल्यानंतर लस देऊन उपयोग होतो, असे रोग फार थोडे. देवीची लस आधी टोचून ठेवायची, प्लेगची आधी. रेबीजची चाल मात्र वेगळी. त्याचा विषाणू रक्तातून धावत नाही. जखमेतल्या मज्जातंतूंच्या टोकांत शिरतो आणि तिथून मुंगीच्या पावलांनी मेंदूकडे निघतो. बहुधा एक ते तीन महिने लागतात; कधी आठवडा-दोन आठवडे, कधी वर्षसुद्धा. चेहरा, मान, डोकं, हाताची बोटं इथं चावलं तर वाट जवळची किंवा तंतू दाट. या चालण्याच्या काळात लसीनं शरीराची फौज उभी राहिली तर माणूस वाचतो. एकदा का विषाणू मेंदूत पोचला आणि घोटभर पाणी समोर आल्यावर घशाला आचके बसू लागले, की जगातल्या कुठल्याही दवाखान्यात बहुतेक काही करता येत नाही.

म्हणजे शर्यत वेळेची आहे. आणि हिंदुस्थानातल्या माणसासाठी ती शर्यत सुरुवातीला पॅरिसपर्यंत होती! इथल्या गोऱ्या सैनिकांना आणि साहेबांना चावा बसला तर बोटीनं फ्रान्सला धाडत. नेटिव्हांचा तर प्रश्नच नव्हता. इथेच संस्था काढावी अशी खटपट १८९० च्या दशकात सुरू झाली, पण लस करायला ससे मारावे लागतात म्हणून तिला विरोधही बराच झाला. इंग्लंडमधले प्राणिप्रयोगविरोधी आणि इथले काही धर्मनिष्ठ एकाच बाजूला उभे होते. अखेर १९०० साली शिमल्याच्या वाटेवर कसौलीच्या डोंगरावर पाश्चर इन्स्टिट्यूट निघालं. डेव्हिड सेंपल नावाचा लष्करी डॉक्टर त्याचा प्रमुख. थंड हवा हवी म्हणून डोंगर. दक्षिणेत कुन्नूरची संस्था १९०७ साली, तीही नीलगिरीवरच.

आता आपल्या भागातल्या माणसानं कसौलीला कसं जायचं? गोंदियाला रेल्वे १८८० च्या दशकातच आली होती आणि बंगाल-नागपूर रेल्वेमुळे ते मोठं जंक्शन होत चाललं होतं. जबलपूरकडे जाणारी छोटी लाइनही १९०५ च्या सुमारास पुरी झाली. तेव्हा समजा, सालेकशाच्या रानातल्या एखाद्या माणसाला कोल्हा चावला. बैलगाडीनं स्टेशन गाठायचं. मग नागपूर, भुसावळ, इटारसी, दिल्ली, कालका. कालक्याहून पुढे १९०३ पर्यंत डोंगरगाडीही नव्हती. पोचून दोन-तीन आठवडे मुक्काम, आणि परत तेवढाच प्रवास. धान कापणीच्या दिवसांत हे कोण करणार? गावचा भगत दहा पावलांवर होता. मंतरलेलं पाणी, काशाच्या थाळीचा उतारा, कुठलीशी मुळी. आपल्या आज्या-पणज्यांना अडाणी म्हणताना हा नकाशा समोर ठेवावा. उपाय हजार मैलांवर असेल, तर माणूस उशाशी असलेल्यावरच विश्वास ठेवतो. शिवाय पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेला प्रत्येक माणूस काही रोगानं मरत नाही. बरेच जण लशीविनाही वाचतात, आणि त्याचं श्रेय भगताला जातं.

सेंपलनं हेच अंतर मोडलं. १९११ साली त्यानं मेंदूच्या ऊतीतला विषाणू कार्बॉलिक ॲसिडनं पूर्ण मारून लस केली. पाश्चरची लस रोजच्या रोज ताजी करावी लागे, म्हणून रोग्यालाच संस्थेकडे जावं लागे. सेंपलची लस कुपीत भरून पाठवता येत होती. माणसानं लशीकडे जाण्याऐवजी लस माणसाकडे निघाली. कसौली, कुन्नूर, पुढे मुंबईची हाफकिन संस्था इथून ती जिल्ह्याच्या आणि मग तालुक्याच्या दवाखान्यांत पोचली. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ही लस गढूळ, आणि मात्रा मोठी. एवढं द्रव दंडात मावत नाही, म्हणून पोट. ताकद कमी, म्हणून रोज, सात ते चौदा दिवस. आपली ती कुप्रसिद्ध चौदा इंजेक्शनं ही.

ती दुखत, गाठी येत, आणि क्वचित एखाद्याला त्या मेंदूच्या ऊतीमुळे पक्षाघातही होई. तरी तिच्या नावानं बोटं मोडताना माझी जीभ थोडी अडखळते. जवळजवळ नव्वद वर्षं या देशातल्या गरिबाकडे तीच एक होती. तिनं मला वाचवलं की तो कुत्रा पिसाळलेला नव्हताच, हे मला कधी कळणार नाही. मात्र त्याच कुत्र्यानं आमच्या वर्गातल्या आणखी एका मुलालाही दात लावले होते.

त्यानं घरी सांगितलं नाही. खरं तर त्याला कारण मी होतो. शाळेत येऊन मी रोज पोट उघडून गाठी दाखवत असे, आणि मोजून सांगत असे: आज सहावं, आज सातवं. मुलं भोवती गोळा होत. त्याचा ओरखडा होता घोट्यावर, बारीकसा, चार दिवसांत भरून आला. दोनेक महिन्यांनी, शिमग्याच्या आसपास, तो शाळेत यायचा थांबला. पाणी पिता येईना, वारा लागला तरी दचकत असे, एवढंच मोठ्यांच्या बोलण्यातून कानावर आलं. आम्हा मुलांना त्या घराकडे जाऊ दिलं नाही. त्याच्या आईला त्याच्या चाव्याविषयी कळलं ते तो गेल्यावर, आम्हा मुलांकडून.

म्हणून 'चौदा' हा शब्द कुणी हसत उच्चारला, की मला राहवत नाही. भारतात मेंदूपासून केलेल्या त्या लशीचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं. आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते. ती दंडात देतात, लहान बाळांना मांडीत. २००६ पासून आपल्याकडे कातडीच्या थरात अगदी थोडी मात्रा द्यायला मान्यता मिळाली. त्या पद्धतीत पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे चार वेळा दवाखान्यात जायचं. पहिली सुई पडते तो दिवस शून्य धरायचा. दोन्ही दंडांवर मसुराच्या दाण्याएवढा फुगवटा येतो, बस. स्नायूत दिली तर पाच वेळा. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत.

चावल्याबरोबर काय करायचं, तेही याच इतिहासातून समजून घेता येतं. आजीचं तिखट, आर्बुआचं तापलेलं लोखंड आणि सुश्रुताचं तूप यांच्यामागचा विचार एकच होता: विष जखमेतच मारायचं. विचार बरोबर, साधन चूक. या विषाणूभोवती चरबीचं पातळ कवच असतं, आणि चरबी कशानं सुटते हे भांडी घासणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. साबण. अंगाचा, कपड्याचा, जो हाताशी असेल तो. वाहत्या पाण्याखाली, नळ नसेल तर लोट्यानं ओतत, जखमेच्या आतपर्यंत पंधरा मिनिटं धुवायचं. पंधरा मिनिटं फार मोठी असतात. घड्याळ लावल्याशिवाय माणूस दोन मिनिटांत आटोपतो. नंतर आयोडीनचं औषध असेल तर लावावं. तिखट, चुना, हळद, तपकीर, रॉकेल यांनी जखम चिडते आणि विषाणूला मज्जातंतूत शिरायला वाटच मिळते. घट्ट पट्टी नको, घाईनं टाकेही नकोत.

आणि त्याच दिवशी दवाखाना. गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र हा पहिला टप्पा. तिथं डॉक्टर जखम पाहून ठरवतात. धड कातडीवर कुत्र्यानं नुसतं चाटलं असेल तर काही नको. रक्त न आलेला ओरखडा असेल तर लस. रक्त आलं असेल, फुटलेल्या कातडीला, डोळ्याला किंवा तोंडाला लाळ लागली असेल, तर लशीबरोबर आणखी एक औषध लागतं, सीरम. लशीनं फौज उभी राहायला आठवडा-दीड आठवडा जातो. तोवर पहारा देणारी तयार प्रतिद्रव्यं म्हणजे सीरम. ते जखमेच्या आत आणि भोवती टोचतात. अनेकदा रोगी लशीचे सगळे डोस घेतो, पण सीरमविषयी त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, किंवा 'इथं नाही, मोठ्या दवाखान्यात जा' म्हटल्यावर तो घरी परततो. जुनं कसौलीचं अंतर आता असं उरलं आहे. पण आज ते एका बसच्या तिकिटाचं आहे. गोंदियाला २०१६ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. रोगी पाठवला असेल तर त्याच दिवशी जावं. काही कारणानं उशीर झालाच, तर पहिल्या लशीपासून सात दिवसांपर्यंत सीरम घेता येतं.

आमच्या भागात अजून एक गोष्ट आहे. नवेगाव, नागझिऱ्याच्या कडेला राहणारी माणसं उन्हाळ्यात पहाटे मोह वेचायला जातात, तेंदूपत्ता तोडायला जातात. तिथं अस्वल आडवं येतं, कोल्हा येतो, मुंगूस चावतं. लोक फाटलेल्या डोक्याचे टाके घेतात, आणि रेबीजचं कुणाच्या मनातही येत नाही. रानटी जनावराचा चावा हा कायम सर्वांत वरच्या धोक्याचा धरतात, लस आणि सीरम दोन्ही. उलट, पिसाळलेल्या गाईच्या दुधाचा चहा प्यायला म्हणून अख्खं गाव लशीच्या रांगेत उभं राहिल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. उकळलेल्या दुधानं रेबीज होत नाही. तिथे खरी काळजी घ्यायची ती त्या गाईच्या तोंडात हात घालून ढोस पाजणाऱ्यानं.

'कुत्रं दहा दिवस बघू, मेलं तर इंजेक्शन घेऊ' हाही एक पक्का समज. दहा दिवस पाहणं बरोबर, पण लस सुरू करून. कुत्रं दहा दिवसांनी ठणठणीत असेल तर उरलेले डोस घ्यायचे की थांबायचं, ते डॉक्टर सांगतील. मोकाट कुत्रं तर दुसऱ्या दिवशी दिसतच नाही, मग पाहणार कुणाला? गरोदर बाई, ओली बाळंतीण, तान्हं मूल, कुणालाही ही लस वर्ज्य नाही. आणि महिना झाला, आता काय उपयोग, असं म्हणून घरी बसू नये. विषाणू अजून वाटेत असेल तर लस त्याला गाठू शकते.

देशात या रोगानं किती माणसं मरतात? २००३ च्या सुमाराच्या पाहणीत वर्षाला वीस हजार असा अंदाज निघाला होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२२-२३ मध्ये घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत तो सुमारे ५,७०० वर आला. उतरला हे खरं. पण दिवसाला पंधरा माणसं अशा रोगानं जातात, की ज्याच्यावर १८८५ पासून उपाय आहे. आणि जगभराचा हिशेब पाहिला तर त्यांत शंभरातली चाळीस पंधरा वर्षांखालची मुलं. मुलं कुत्र्यांशी खेळतात, त्यांची उंची कुत्र्याच्या तोंडाजवळ असते, आणि मार बसेल किंवा सुई टोचतील म्हणून ती चावा लपवतात.

आपल्या शेजारच्या गोव्यानं दुसरी बाजू करून दाखवली. २०१३-१४ पासून तिथं वर्षाकाठी लाखाच्या घरात कुत्र्यांना लस टोचली गेली. जाळी घेऊन गल्लीगल्लीत फिरणारी पथकं, मोबाइलवर प्रत्येक कुत्र्याची नोंद. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, की रोगाची साखळी तुटते असा हिशेब आहे. २०१७ नंतर काही वर्षं गोव्यात एकही माणूस रेबीजनं दगावला नाही. १८३२ च्या आठ आण्यांपेक्षा हा सौदा नक्कीच स्वस्त पडला असणार. पण गोवा लहान, रस्ते चांगले. अर्जुनी मोरगावच्या एखाद्या टोल्यावरच्या कुत्र्यांपर्यंत असं पथक कधी पोचेल ते बघायचं. तोवर निदान पाळलेल्या कुत्र्याला तरी दरवर्षी लस द्यायला काय हरकत आहे?

मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या मुलीला राइस मिलच्या फाटकापाशी कुत्रं चावलं. वय सात. तिला नळाखाली बसवून मी घड्याळ हातात घेतलं. साबण डोळ्यांत गेला म्हणून ती जास्त रडली. दवाखान्यात तिनं फ्रॉक वर करून पोट पुढे केलं. तिला कुणीतरी सांगितलं होतं ना! नर्सबाई हसल्या, तिचा दंड पुसला. दोन्हीकडे टोचून झालं तरी ती डोळे मिटूनच होती. मग तिच्या हातात चार तारखा लिहिलेलं कार्ड दिलं. घरी येताना रिक्षात तिनं त्या तारखा दोनदा मोजल्या आणि मला विचारलं, 'आजोबा, बाकीची दहा कुठं आहेत?'